गोपालच्या कार्डावरचा हात

पर्वत पाटिया, सुरत
दि. ९ जानेवारी १९९७

चि. गोपाल राघो बोरसे यास,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहावा लागतो. तो लिहिला आहे असे समजावे.

दोन वर्षे आणि तीन महिने मी तुला पत्र लिहिलेले नाही. आजही लिहिले नसते. सोबत कामरेजच्या मिलचा एक कागद जोडला आहे. त्यावर तीन ठिकाणी पेन्सिलीने फुली केली आहे. त्या तिन्ही ठिकाणी सही करून कागद रजिस्टर टपालाने परत पाठवावा. कागद गुजरातीत आहे, म्हणून तो वाचण्याच्या खटपटीत पडू नये. त्या मिलमध्ये तुझी आठ वर्षे नोकरी झाली. तिचा निकाल लावण्याचे हे काम आहे, एवढे तुला पुरे.

सही मराठीत आणि पूर्ण नावाने करावी. तुझा 'घ' लहानपणापासून 'ध'सारखा पडतो, तो या वेळी नीट काढावा. मी चौथीपर्यंतच शिकलो, परंतु माझ्या अक्षराला मास्तरांनी कधी हात लावला नाही.

तुझ्या आईची प्रकृती बरी आहे. कुंदन हल्ली घरीच असतो. त्याचे कारण विचारू नये.

टपालाची तिकिटे पाकिटात ठेवली आहेत. या कामात तुझा एक पैसाही खर्च व्हावा अशी माझी इच्छा नाही. प्लेगच्या साली ज्या घाईने बायको-मुलीला घेऊन तू हे घर सोडलेस, त्याच घाईने हे एवढे काम करावे.

राघो दगा बोरसे


पर्वत पाटिया, सुरत
दि. २ फेब्रुवारी १९९७

चि. गोपाल यास,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. घरातली गोष्ट उघड्या कार्डावर लिहू नये, हे तुला कोणी शिकवले नाही काय? पोस्टमनने ते खालच्या शोभाबाईकडे दिले. शोभाबाईने ते वाचले, तिच्या सुनेने वाचले, आणि मग जिना चढून ती मला म्हणाली, "नाना, गोपालभाऊ लिहितो, माझे दोन्ही हात शाबूत आहेत, मग कोणाचा हात गेला? म्हणजे काय हो?" मी तिला सांगितले की तू राहतोस त्या दोंडाईच्यात तो एक उखाणा आहे.

सही न करता कागद तू तुझ्या मालकाकडून, त्या मिरचीच्या व्यापाऱ्याकडून वाचून घेतलास. बापाने वाचू नको असे लिहिले, तेवढे मात्र वाचलेस. त्यात काय लिहिले आहे ते तू मला उलट कळवतोस: "उजव्या हाताच्या दुखापतीबद्दल पंच्याऐंशी हजार रुपये एकरकमी मिळाले. यापुढील औषधोपचार व ऑपरेशने यांसह मालकाकडे माझे कोणतेही मागणे राहिलेले नाही." आणि शेवटी विचारतोस, "नाना, तुम्हाला गुजराती वाचता येत नाही, मग फुल्या कोणी केल्या?"

येत नाही. एकोणतीस वर्षे सुरतेत काढली आणि येत नाही. मला ती शिकण्याची गरज कधी भासली नाही. मी जे बोलत असे ते लोक ऐकत असत. फुल्या मिलच्या मेनेजरने केल्या. ही पावती आहे, असे तो मला म्हणाला. पुढच्या ऑपरेशनांचे त्यात लिहिले आहे, हे तो बोलला नाही.

आता तू विचारलेच आहेस, तर ऐक. हात तुझ्या धाकट्या भावाचा, कुंदनचा गेला. मागच्या अकरा ऑगस्टला, सकाळच्या पाळीत. कापडाला तापल्या रुळांत दाबून चमक आणणारे जे यंत्र तू चालवत होतास, त्याच यंत्रावर. कापडाची कड आत दुमडली, ती सरळ करायला त्याने हात घातला. तू आधी पायाने दांडा दाबून रूळ उचलत होतास आणि मगच हात घालत होतास. त्याला ते कोणी सांगितले नव्हते. ते मिलने सांगायला हवे होते. मिलने सांगितले नाही.

हात मनगटाला आहे. अंगठाही आहे. चार बोटे तळहाताकडे वळली आहेत आणि रोज थोडी थोडी अधिक वळत आहेत. डॉक्टर म्हणतात, जळलेली कातडी आखडते. दर दोन-तीन वर्षांनी मांडीची कातडी काढून ती बोटे मोकळी करावी लागतील, निदान तिशीपर्यंत. केले नाही तर मूठ कायमची मिटेल. हा मुलगा आज एकवीस वर्षांचा आहे.

कागद परत पाठव. सही करू नको. मी तुला सही करू नको असे सांगत आहे, हे लक्षात ठेव. तू केली नाहीस म्हणून नव्हे.

राघो दगा बोरसे


पर्वत पाटिया, सुरत
दि. २३ मार्च १९९७

गोपाल,

तुझ्या दुसऱ्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिले नाही. या वेळी तू पाकीट वापरलेस, त्याबद्दल शाबासकी देण्याचे कारण नाही.

तू एकच प्रश्न तीन वेळा लिहिला आहेस: "कुंदनच्या हाताच्या कागदावर माझे नाव का?" पहिल्या दोन वेळा मी तो वाचून सोडून दिला. तिसऱ्या वेळी तुझी आई माझ्यासमोर येऊन बसली. ती कधी माझ्यासमोर बसत नाही. म्हणाली, "खरं लिखा त्याले. नहीतं मी जास दोंडाईचाले आनि मीच सांगस." म्हणून लिहितो. तिने सांगावे त्यापेक्षा मी लिहिलेले बरे. ती रडून सांगेल.

परंतु आधी मेनेजरचे ऐक. तुझी सही गेली नाही तेव्हा त्याने मला बोलावले. खुर्ची दिली नाही. म्हणाला, "काका, आ उंमरमां कोर्टना धक्का शा माटे खाओ छो? इस उमर में कोर्ट के चक्कर क्यों? मस्टर पे गोपाल, कार्ड पे गोपाल, दवाखाने के पेपर पे गोपाल. और गोपाल तो उधर मिरची तोलता है. मैं कोर्ट में बोल दूँ? फिर अंदर कौन जायेगा, आप कि आपका लडका?" मी म्हणालो, "मेनेजरसाहेब, मस्टर आपण लिहिता." तो हसला. त्याच्या मिलमध्ये मी सत्तावीस वर्षे मुकादम होतो. हा मनुष्य नवीन लागला तेव्हा चालू यंत्राजवळ सैल बाह्यांचा सदरा घालून उभा राहू नये, हे त्याला मी शिकवले होते.

आता तुझे नाव.

प्लेग ओसरल्यावर मिल उघडली तेव्हा शेठ स्वतः दारात उभे होते. जे पळाले त्यांची नावे कापा, असा त्यांनी हुकूम दिला. सगळ्या खात्यासमोर मला विचारले, "राघोभाई, तमारो गोपाल?" मी छातीवर हात ठेवून सांगितले, माझ्या घरचा एकही माणूस पळालेला नाही. गोपालला साधा ताप आहे. तो सोमवारी येईल.

सोमवारी कुंदन गेला. तुझे कार्ड, तुझा डबा, तुझे नाव. मेनेजरला पहिल्याच दिवशी ठाऊक झाले. त्याला माणूस हवा होता, तो मिळाला. आपल्या लोकांत हे चालते, तुलाही माहीत आहे. भाऊ गावी जातो, भावाच्या कार्डावर भाऊ उभा राहतो. पंधरा दिवसांकरिता, महिन्याकरिता. मी ते दोन वर्षे चालवले. तू परत येशील आणि लोकांना कळणारच नाही, असा माझा हिशेब होता.

नव्या मुलाला वर्षभर कापडाच्या घड्या उचलायला लावतात, यंत्राजवळ जाऊ देत नाहीत. तो नियम मीच घातला होता. परंतु कार्डावर ऑपरेटर लिहिले होते, आठ वर्षांचा अनुभव. म्हणून पहिल्याच दिवशी त्याला यंत्रावर उभे केले आणि कोणी काही शिकवले नाही, कारण ज्याला आठ वर्षे झाली त्याला काय शिकवायचे? आठ वर्षे कार्डाची होती. त्या हाताची एकही नव्हती.

तुझ्या पत्रात तू लिहिलेस की मिलने सांगायला हवे होते, हे वाक्य तुला पटले नाही. मलाही पटले नव्हते. मी ते तरीही लिहिले.

दवाखान्यात केसपेपर काढताना कारकुनाने नाव विचारले. कुंदन शुद्धीवर होता. त्याने तोंड उघडले. मी त्याच्या आधी बोललो, "गोपाल राघो बोरसे, वय तीस." कारकुनाने त्या विशीच्या पोराकडे पाहिले आणि लिहून घेतले. नंतर, पट्ट्या बांधून झाल्यावर, कुंदन मला म्हणाला, "नाना, पगार भाऊच्या नावावर घेतला ते ठीक. जळलेला हात तरी माझ्या नावावर लिहायचा होता."

तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरते बोलतो. तुमच्या दोघांचे एवढे एक जमते.

राघो


पर्वत पाटिया, सुरत
दि. ८ जून १९९७

गोपाल,

मी वकील केला आहे. म्हणजे बाबुरावने करून दिला. तो युनियनमध्ये फिरतो आणि त्याला सगळ्यांची कामे माहीत असतात, स्वतःचे सोडून. वकील ही बाई आहे, दीप्तीबेन नावाची, वयाने तुझ्यापेक्षा लहान. पहिल्या दिवशी मी तिला विचारले, "तुमचे वडील कोठे आहेत?" ती म्हणाली, "ते निवृत्त झाले काका. आता मलाच भांडावं लागतं. बसा." बसायला चांगली खुर्ची दिली.

तिने जे समजावले ते तुला लिहितो, कारण ते तुझ्याशी निगडित आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यात हात किती निकामी झाला, पगार किती, वय किती, यावर रक्कम ठरते. पुढे होणाऱ्या ऑपरेशनांचा खर्च त्या कायद्यात नाही. तो मालकाने समझोत्यात लिहून दिला तरच मिळतो. आणि यापुढे काही मागणे नाही, अशी एकदा सही झाली की तो दरवाजा बंद. कामरेजला सरकारी विम्याचा दवाखानाही लागू नाही. म्हणजे जे काही आहे ते या एका कागदावर आहे. कुंदनची मूठ उघडी राहणार की मिटणार, ते त्या कागदावर ठरेल.

मी तिला मेनेजरची धमकी सांगितली. खोटे नाव मीच सांगितले, तेही सांगितले. मला वाटले ती उठून जायला सांगेल. ती म्हणाली, "काका, तुम्ही एकदा खोटं बोललात. मिलने दोन वर्षं रोज हजेरी लावली. न शिकलेल्या मुलाला यंत्रावर चढवलं कोणी? यंत्राला जाळी का नव्हती? हे कोर्टात साहेबांपुढे यावं असं मिलला वाटत असेल का? भीती दोघांना आहे. जो आधी खरं बोलेल त्याची संपेल."

मग तिने जे मागितले ते ऐकून मी उठून आलो होतो. दोन दिवसांनी परत गेलो.

चौदा जुलैला कामगार न्यायालयात तारीख आहे. ज्याचे नाव कागदावर आहे त्या माणसाला स्वतः हजर राहावे लागते. आपण गोपाल आहोत, आपले दोन्ही हात चांगले आहेत, आणि १९९४ च्या सप्टेंबरपासून आपण सुरतेत नव्हतो, असे त्याला शपथेवर सांगावे लागते. व्यापाऱ्याकडून तुझ्या कामाचा दाखला आणि तिकडचे रेशनकार्ड सोबत आणावे. सुरत का सोडली, असे साहेब विचारतील. प्लेगच्या भीतीने सोडली, असे सांगावे. तेच खरे आहे.

मी या वस्तीत सर्वांना सांगत आलो आहे की गोपालला शेतीकडे लक्ष द्यायला मीच पाठवला. शोभाबाईलाही तेच सांगितले. तिचा त्यावर विश्वास कधीच नव्हता, हे मला आता कळते. ती म्हणाली, "नाना, तुमचं शेत तर तुमच्या चुलतभावाकडे आहे."

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखवले. ती म्हणाली, "स्टेशनवर काय बोलनात ते बी लिखा." लिहितो. तू सोनालीला खांद्यावर घेतले होतेस. सूनबाई नूतनने तोंडाला पदर बांधला होता. हजारो माणसे गाडीत चढत होती आणि मी फलाटावर उभा राहून तुला म्हणालो, पळपुट्याचे नाव माझ्या घरात पुन्हा निघणार नाही. आणि मग दोन वर्षे ते नाव मी दर सकाळी काढले, डब्यासोबत कुंदनच्या हातात दिले.

तेव्हा तू कुंदनचा हात धरून ओढत होतास. "नाना, याला तरी नेऊ द्या," म्हणत होतास. मी तो हात सोडवून घेतला. तो उजवा होता की डावा, हे मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळवू नये.

सोनाली तेव्हा चार वर्षांची होती. बापाने तिला घेऊन जावे, हे बरोबर होते. मी गेलो नाही, कारण शेठ म्हणाले होते, राघोभाई आहे म्हणून बॉयलर थंड होणार नाही. बॉयलर थंड झाला नाही. त्याबद्दल मला एक घड्याळ मिळाले. ते मागे पडते.

मी तुला ये असे म्हणत नाही. तारीख कळवली आहे.

राघो दगा बोरसे


पर्वत पाटिया, सुरत
दि. १६ जुलै १९९७

चि. गोपाल यास आशीर्वाद.

तू कोर्टातून परस्पर स्टेशनवर गेलास. तुझ्या आईने सकाळी चारला उठून कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. सकाळी कोर्टाच्या दारात मिरचीची पिशवी कुंदनकडे देऊन पाया पडल्यासारखे केलेस, आणि नंतर न सांगता निघून गेलास. पाया पडायचे असेल तर नीट पडावे, नाहीतर पडू नये. वाकायचे आणि हात गुडघ्यापर्यंतच न्यायचा, हे मला पटत नाही.

तू गेल्यावर काय झाले ते तुला कळायला हवे, म्हणून लिहितो.

परंतु तू असताना जे झाले तेही लिहितो, कारण ते मला कोणालातरी सांगायचे आहे आणि येथे ते कोणाला सांगता येत नाही. पट्टेवाल्याने पुकारा केला, "गोपाल राघो बोरसे हाजिर?" आणि तुम्ही दोघे उठलात. एका बाकाच्या दोन टोकांना, एकाच वेळी. तू तुझे नाव म्हणून उठलास. तो सवयीने उठला. दोन वर्षे त्या नावाला ओ देत आला होता. साहेबांनी चष्मा काढला आणि विचारले, "यात गोपाल कोण?" तू दोन्ही हात वर केलेस, पंजे उघडून. कुंदनने आपला हात पाठीमागे नेला. मग साहेबांनी मला विचारले, "काका, दवाखान्यात नाव कोणी सांगितलं?"

मिलचा वकील माझ्याकडे पाहत होता. मेनेजर माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "मी. हा धाकटा मुलगा कुंदन. हात याचा आहे. मोठा प्लेगात सुरत सोडून गेला होता, त्याने काही केलेले नाही. खोटे माझे आहे आणि मस्टर यांचे आहे." माझा आवाज मोठा झाला. साहेब म्हणाले, हळू बोला. मी हळू बोललो नाही.

त्याच वेळी तू बाहेर गेलास. पाणी प्यायला गेलास असे मला वाटले.

साहेब मला म्हणाले, "काका, खोटं नाव सांगणं लहान गोष्ट नाही." माझ्याकडून लेखी जबाब घेतला. मग मेनेजरला यंत्राची जाळी कोठे आहे ते विचारले. मेनेजर म्हणाला, मागवली आहे. साहेबांनी विचारले, "कधी? हात जायच्या आधी की नंतर?" त्यानंतर मिलच्या वकिलाने दीप्तीबेनला बाजूला नेले. दोन तास गेले. समझोता नव्याने लिहिला, कुंदन राघो बोरसे या नावाने. दीप्तीबेनने प्रत्येक ओळ मला मराठीत सांगितली, आणि मी ती प्रत्येक ओळ दोनदा सांगायला लावली. पंच्याऐंशीचे अडुसष्ट हजार झाले. परंतु पुढची दहा वर्षे, डॉक्टर लिहून देतील तितकी ऑपरेशने, दवाखान्याचा आणि औषधांचा खर्च मिलने थेट भरायचा, आणि त्यासाठी वेगळी ठेव साहेबांच्या कचेरीत ठेवायची, असे त्यात आहे. बाबुराव मला मूर्ख म्हणाला. सतरा हजार सोडले म्हणाला. मी त्याला त्याचा उजवा हात दाखव म्हणालो.

कुंदनने डाव्या हाताने सही केली. वेळ लागला. कारकून म्हणाला, "अंगूठा चलेगा भाई." कुंदन म्हणाला, "मला नाव लिहायचंय." ते वेडेवाकडे अक्षर आले आहे. मी ते तसेच राहू दिले.

पहिले ऑपरेशन चार ऑगस्टला आहे. सकाळी नऊला खिडकीवर केसपेपर काढायचा. तेथे कारकून नाव विचारील. कुंदन स्वतः सांगेल. मला माझा स्वभाव माहीत आहे. कोणी प्रश्न विचारला की दुसऱ्याच्या आधी माझे तोंड उघडते, आणि हे आता या वयात बदलेल असे वाटत नाही. त्या वेळी माझ्या शेजारी कोणीतरी उभे असावे आणि त्याने मला बोलू देऊ नये. हे काम तुझ्या आईला जमत नाही. बाबुरावला जमणार नाही, तो माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

तू तीन ऑगस्टच्या पॅसेंजरने यावे. सोनालीला आणले तरी चालेल. भाड्याचे पैसे मी पाठवत नाही. तुझ्या पैशाने यावे, आणि जेवून जावे.

नाना